कोपराच्या वळणावरचा कठडा

समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक साक्षीदाराला शपथ द्यायचं काम भाऊसाहेबांकडे होतं. मोठमोठे अधिकारी, अभियंते, ठेकेदार, सगळे त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि ते म्हणतील तसं मुकाट म्हणायचे. 'जे सांगेन ते खरं सांगेन, पूर्ण सांगेन, ठाऊक असलेलं काही लपवणार नाही.' मजकूर एका पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. भाऊसाहेबांना तो इतका पाठ होता, की पुठ्ठा हातात धरायचा तो नुसता शोभेला. शपथ घेतलेला माणूस खुर्चीत बसला, घसा खाकरला, की बहुतेक वेळा खोटं बोलायला सुरुवात करायचा. मग भाऊसाहेब आपल्या पाण्याच्या पेल्यावर झाकणी ठेवून टिपणं घ्यायला लागायचे.

सभागृहाची ही खरेदी तपासणी समिती. सरकारी खात्यांनी लोकांच्या पैशातून काय विकत घेतलं, कुणाकडून घेतलं, आणि घेतलेलं धड चालतंय का, एवढं तिने बघायचं. भाऊसाहेब तिचे सचिव. सदस्य निवडणुकीगणिक बदलत, अध्यक्ष रुसून राजीनामे देत, भाऊसाहेब मात्र खिडकीजवळच्या त्या खुर्चीत कायम. सगळ्यांना ते हवेसे वाटत, कारण त्यांनी जन्मात कुणाची फजिती होऊ दिली नव्हती. एखादा अधिकारी आकडा विसरला, की भाऊसाहेबांची चिठ्ठी हळूच त्याच्यापुढे सरकायची. एखादा सदस्य भलत्याच खात्यावर तावातावाने बोलायला लागला, की भाऊसाहेब त्याच्या कानाशी वाकायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि खरं सांगायचं तर तीच त्यांची एकुलती एक श्रद्धा होती.

तो फोनही त्यातलाच. समितीचा पाहणी दौरा ठरला की ज्या खात्याकडे जायचं त्याला आधी भाऊसाहेबांचा एक फोन जायचा. कुठल्या नियमात तो लिहिलेला नव्हता. पाहुण्याने येण्याआधी कळवावं, इतकी साधी गोष्ट असं त्यांना वाटे. गाड्या कुठे लावायच्या, दोन घास कुठे खायचे, हे बघायला नको? परिणाम व्हायचा तो व्हायचाच. समिती जिथे जाई तिथे रंग ओला असे. एका सदस्याच्या पांढऱ्या पँटला एकदा हिरवा पट्टा लागला, तेव्हापासून समिती दौऱ्यावर कशालाही टेकत नसे. यावर सगळे हसत. भाऊसाहेबही हसत.

नव्या अध्यक्षबाई मात्र हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आधी त्या शाळेत गणित शिकवत, आणि अजूनही समोरच्याकडे अशा बघत की त्याला वाटावं, आपली वही घरी राहिली. त्यांच्यापुढे रस्ता सुरक्षा प्राधिकरणाचं प्रकरण होतं. प्राधिकरणाने डोंगरातल्या रस्त्यांसाठी नवे लोखंडी कठडे घेतले होते. खाणीच्या रस्त्यावर ते लागले, आणि त्यानंतर त्या रस्त्यावर गाड्या कठड्यासकट दरीत जायला लागल्या. बैठकीत त्यातला एक तुकडा टेबलावर ठेवला होता. सगळ्यात म्हाताऱ्या सदस्याने तो उचलून गुडघ्यावर धरला आणि वाकवला.

"हा तुकडा आमचा नाहीच," प्राधिकरणाचे प्रमुख म्हणाले. शपथ घेऊन बसलेले होते.

"मग तुमचा आपण तिथे जाऊनच बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या. प्राधिकरणाची माणसं बाहेर गेल्यावर त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. "परवा सकाळी, खाणीचा रस्ता. ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये." एकेका सदस्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं. भाऊसाहेबांकडे बघितलं नाही. तिथे बघायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी दुपारी भाऊसाहेब जिन्याखालच्या कोपऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला.

आता हे का केलं, असं त्यांना नंतर कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं. पैसा नाही, धाक नाही, कुणाचं मिंधेपण नाही. अध्यक्षबाईंना साखरेचा त्रास होता. वेळेवर खाल्लं नाही की त्यांचे हात कापत. खाणीच्या रस्त्यावर धड बसायला जागा नाही. तेवढंच विचारायचं, बाकी काही बोलायचं नाही, असं भाऊसाहेबांनी स्वतःला बजावलं होतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा खेळ माणूस आधी स्वतःशीच खेळतो.

पलीकडे प्राधिकरणाचा संपर्क अधिकारी होता. कचेरीतले लोक त्याला पाठीमागे गोडबोल्या म्हणत.

"बोला, भाऊसाहेब! तुमचा आवाज ऐकला की दिवस चांगला जातो आमचा."

"काही नाही हो, सहज. खाणीच्या बाजूला एखादं बरं विश्रामगृह आहे का? बाथरूम स्वच्छ असलेलं. बाईंना वेळेवर दोन घास लागतात."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"केव्हासाठी?"

"परवा दुपारी. म्हणजे, तुम्ही काही करू नका हं. सहज विचारतोय."

"छे, छे! आम्ही काय करणार," गोडबोल्या म्हणाला, आणि इतका छान हसला की भाऊसाहेबांनाही बरं वाटलं.

भाऊसाहेबांच्या घरात दोनच माणसं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, आणि मुलगी डॉक्टर. घरात तिला चिऊ म्हणत. दवाखान्यात ती प्रमुख होती, लोक उभं राहून तिच्याशी बोलत, पण घरी ती चिऊच. तिचा दवाखाना धरणाच्या पलीकडे. तीन दिवस तिथेच मुक्काम, मग घरी, असा तिचा क्रम. दवाखान्याकडे जाणारा रस्ता धरणाच्या पाण्याला लागून डोंगरातून जातो, आणि मध्ये एका ठिकाणी हात दुमडावा तसा दुमडतो. त्या वळणाला सगळे कोपर म्हणतात. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ खाली पाणी. हिवाळ्यात पाण्यावरून धुकं चढतं, आणि मग कोपरावर आपल्या गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात चिऊची निळी गाडी त्या कोपरावर घसरली होती. कठड्याला घासत घासत गेली आणि थांबली. तो कठडा जुना, जाड, नव्या खरेदीच्या आधीचा. त्याला एक पोचा पडला, आणि पोच्यापासून पुढे निळ्या रंगाचा लांब ओरखडा उमटला. चिऊच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मुद्दाम तिथे गेले. खाली पाण्याकडे त्यांना बघवेना. त्यांनी त्या पोच्यावर हात ठेवला, आणि भर रस्त्यात, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, लहान मुलासारखे रडले. त्यानंतर कधीही त्या बाजूला गेले की ते गाडी थांबवायला लावत, उतरून त्या पोच्यावरून हात फिरवत. चिऊ चिडवायची. "बाबा, माझ्यापेक्षा त्या लोखंडावर तुमचा जीव जास्त."

"तुझा जीव त्या लोखंडावरच आहे, बाई," ते म्हणायचे.

दौऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घरी परतताना चौकात त्यांना एक क्रेन आडवी आली. तिच्यामागे ताडपत्रीने झाकलेला लांबलचक ट्रक होता. धरणाकडून आला आणि खाणीकडे वळला. ताडपत्रीखाली लोखंड एकमेकांवर आपटत होतं. भाऊसाहेब वळून ट्रककडे बघत राहिले. सरकारी ट्रक कुठूनही कुठेही जातात, असं म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकलं. चिऊ तेव्हा दवाखान्यातच होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती. त्यांनी तिला फोन करून 'जेवलीस का' एवढंच विचारलं.

सकाळी समितीची बस खाणीच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन होतं, तरी दरीतून धुक्याचे पुंजके वर येत होते. वळणावर बस थांबली. सगळे उतरले. बघतात तो काय, रस्त्याच्या कडेने कठडा असा उभा, की हत्तीने धडक द्यावी. गोडबोल्या हजर होताच. कसा कुणास ठाऊक, 'योगायोगाने याच बाजूला' आला होता. म्हाताऱ्या सदस्याने बसमधून हातोडा आणला आणि दणकन हाणला. लोखंड घुमलं. त्याचाच हात झिणझिणला. अध्यक्षबाईंनी वाकून बघितलं, बोटांनी जाडी मापली, पुन्हा मापली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चोर पकडायला आलेल्या माणसाला चोराने दार उघडून चहा विचारावा, तशी त्यांची गत झाली होती.

भाऊसाहेब कठड्याच्या कडेकडेने चालत पुढे गेले. लोखंड जुनं होतं आणि बोल्ट नवे, चकचकीत. पायथ्याशी उकरलेली माती अजून ओली होती. समिती जिथे जाते तिथे काहीतरी ओलं असतंच, असा एक जुना विनोद त्यांच्या मनात आला, आणि तेवढ्यात ते थबकले.

समोर पोचा होता. आणि पोच्यापासून पुढे लांब गेलेला निळा ओरखडा.

त्यांनी हात ठेवला. हाताला तो पोचा ओळखीचा होता, घरातल्या दाराच्या कडीसारखा. बोटं आपोआप निळ्या रंगावरून फिरली. मग त्यांना क्रेन आठवली, ताडपत्री आठवली, आणि जिन्याखालचा तो कोपरा आठवला. ते कठड्यालाच टेकले.

"काय, भाऊसाहेब, दमलात?" गोडबोल्या शेजारी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे उपकार आहेत बरं का. परवा तुम्ही फोन केला नसता तर आमचं काही खरं नव्हतं."

"हे कुठून आणलं?"

"आहे आपल्याच एका रस्त्यावरचं. जाईल परत."

"धरणाच्या रस्त्यावरचं. कोपरावरचं."

गोडबोल्याने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "तुम्हाला सगळंच माहीत असतं बुवा."

"तिथे आता काय आहे?"

"दोरी लावलीय. लाल फडकी बांधलीत. लांबून दिसतं."

"धुक्यात?"

"दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," गोडबोल्या म्हणाला. "आजवर काही झालंय का? उगाच मनाला लावून घेऊ नका."

"भाऊसाहेब!" अध्यक्षबाईंनी हाक मारली. सगळे तिकडे बघायला लागले. बाईंचे हात कापत होते, जेवणाची वेळ टळत आली होती. "तुम्ही इतकी वर्षं या समितीबरोबर फिरताय. तुम्हीच सांगा, हा कठडा कसा आहे?"

सांगायची हीच वेळ होती. शपथ नव्हती, पुठ्ठा नव्हता, सरळ प्रश्न होता. पण त्या उत्तरामागून दुसरा प्रश्न येणार होता, की आपण आज येणार हे यांना कुणी कळवलं. इतक्या वर्षांची ती खिडकीजवळची खुर्ची, ती पत, बाईंचा तो न बघता टाकलेला विश्वास. भाऊसाहेबांना पहिल्यांदाच स्वतःची फजिती डोळ्यांसमोर दिसली, आणि ती त्यांना बघवली नाही.

"मजबूत आहे, बाई," ते म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि त्या बसकडे वळल्या.

भाऊसाहेब बसच्या मागे गेले आणि त्यांनी चिऊला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"चिऊ, आज कोपरावरून येऊ नकोस."

"का? काय झालं?"

"तिकडे काम चालू आहे. तू राहा तिथेच. नाहीतर खालच्या रस्त्याने ये, लांब पडला तरी चालेल. शपथ आहे तुला माझी."

"बाबा, असं काय बोलताय? बरं, नाही येत. पण मग मामांनाही सांगते. संध्याकाळी पेशंट घेऊन शहरात जायचंय त्यांना, मीही सोबत जाणार होते."

मामा म्हणजे दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचे चालक. सगळ्या दवाखान्याचे मामा. चिऊ घसरली त्या दिवशी तिला कोपरावरून उचलून आणणारेही तेच.

रस्त्याबद्दल काही कानावर आलं, की रुग्णवाहिकेच्या चालकाने आधी प्राधिकरणाच्या नियंत्रण कक्षाला फोन करून खात्री करून घ्यायची, असा नियम होता. तो याच समितीने लावून धरला होता. त्याची भाषा भाऊसाहेबांचीच होती. मामा नियमाने फोन करणार. कक्ष विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं? डॉक्टरबाईंनी. त्यांना कुणी सांगितलं?

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले. "मला तरी कुठे नक्की माहीत आहे? उगाच चार लोकांना घाबरवू नकोस. तू तेवढी येऊ नकोस म्हणजे झालं."

"पण बाबा..."

"मामा काय, रोजचे आहेत त्या रस्त्याचे. डोळे मिटून चालवतील. तू तेवढी."

आपला तो बाब्या, हे जग नेहमीच म्हणत आलंय. भाऊसाहेबांनी फोन खिशात टाकला आणि बसमध्ये जाऊन बसले. विश्रामगृहातलं जेवण छान होतं. बाथरूमही स्वच्छ होतं.

परतताना अध्यक्षबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "हरले मी, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "तो वाकलेला तुकडा कुठून आला होता, देव जाणे. अहवालात काय लिहायचं ते लिहा." बाहेर उन्हं उतरली होती आणि दऱ्या पांढऱ्या होत चालल्या होत्या. भाऊसाहेब खिडकीतून त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. दोन-तीनदा त्यांनी फोन हातात घेतला. मामांना आपणच सांगावं, नाव न सांगता सांगावं, कुणाकडून तरी निरोप द्यावा. प्रत्येक वाटेच्या टोकाला तेच एक दार होतं, आणि दारात अध्यक्षबाई उभ्या. लाल फडक्यांची दोरी आहे की, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. लांबून दिसते म्हणे.

ते घरी पोचले, दिवा लावला, भात टाकला. भाताला पहिली उकळी येत होती तेव्हा फोन वाजला.

"बाबा," चिऊ म्हणाली. ती रडत नव्हती. "मामा गेले. कोपरावरून गाडी खाली गेली. आतला पेशंटही गेला."

भाऊसाहेबांनी गॅस बंद केला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांना पुढे कधीही विसरता आलं नाही. ते म्हणाले, "तू बरी आहेस ना?"

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्राधिकरणाने जाहीर केलं, की कोपरावरचा कठडा भंगारचोरांनी नेला. चिऊ दुपारी घरी आली. चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मी कोपरावर जाऊन आले, बाबा. तिथे कसलंही काम चालू नव्हतं. कठडा नाहीये. नुसती भोकं आहेत आणि एक दोरी. तीही तुटलेली."

"चोरांनी नेला म्हणतात."

"चोरांनी नेला हे सगळ्यांना आज कळलं. तुम्हाला काल दुपारी कसं कळलं?"

"आधी जेवून घे, बाळ."

"मी सोबत असते तर मामांना हळू घ्या म्हटलं असतं. नाहीतर मी सांगितलंच असतं त्यांना. तुम्ही नको म्हणालात." तिने डोळे पुसले, आणि मग अगदी लहानपणीच्या आवाजात पुन्हा विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं माहीत होतं?"

भाऊसाहेबांनी ताट वाढलं. भात, वर आमटी, बाजूला पापड भाजला. ती तशीच उभी राहिली. मग आत जाऊन तिने कपड्यांची पिशवी भरली आणि दवाखान्यातल्या खोलीवर राहायला निघून गेली. ताटावर भाऊसाहेबांनी झाकण ठेवलं. संध्याकाळी उचलून बघितलं तर पापड मऊ पडला होता.

त्याच आठवड्यात गोडबोल्याचा फोन आला. आता तो पहिल्यासारखा हसत नव्हता. "ते कठडे खाणीवरच राहू देऊ. परत नेले तर लोकांच्या डोळ्यांवर येईल. चोरीची तक्रार नोंदवलीय आम्ही." मग तो म्हणाला, "समिती आता हेही प्रकरण घेणार म्हणे. काळजी करू नका. आपलं दोघांचंही झाकलेलंच बरं."

भाऊसाहेबांना वाटलं, हे वाक्य आपलंच आहे. इतकी वर्षं आपण ते बोलत आलो आणि त्याला असा वास येतो हे आपल्याला कधी कळलं नाही.

समितीची बैठक भरली. खोली तीच, खिडकी तीच, पेल्यावर झाकणी तीच. एरवी रिकाम्या असणाऱ्या मागच्या खुर्च्यांवर त्या दिवशी काही माणसं होती. त्यात एक बाई पदर घट्ट धरून, टेबलाकडे टक लावून बसलेली. ती मामांची बायको, हे भाऊसाहेबांना कुणी सांगावं लागलं नाही. प्राधिकरणाचे प्रमुख आले, भाऊसाहेबांनी शपथ दिली. त्यांनी भंगारचोरांबद्दल अतिशय कळवळून सांगितलं. अध्यक्षबाई ऐकत होत्या, पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती.

"कुंपणानेच शेत खाल्लंय इथे," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठून ते सापडत नाही एवढंच. पुढचे साक्षीदार."

दार उघडलं आणि चिऊ आत आली. दवाखान्याची प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. साक्षीदारांची यादी भाऊसाहेबांनीच केली होती, तरी ती दारात दिसली तेव्हा त्यांनी हातातला पुठ्ठा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाचायला म्हणून वर धरला. ती येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. कपाळावरची जुनी खूण दिसत होती.

"मी म्हणेन तसं म्हणा," भाऊसाहेब म्हणाले. दर वेळी हेच म्हणत. "जे सांगेन ते खरं सांगेन."

"जे सांगेन ते खरं सांगेन."

"पूर्ण सांगेन."

"पूर्ण सांगेन."

"ठाऊक असलेलं..." त्यांचा आवाज गेला. सदस्यांनी माना वर केल्या. चिऊने बाकीचं त्यांच्याशिवायच म्हटलं आणि ती खुर्चीत बसली.

"डॉक्टर," अध्यक्षबाईंनी विचारलं, "त्या संध्याकाळी पेशंटसोबत तुम्हीही जाणार होता, असं दवाखान्यातले लोक सांगतात. मग गेला का नाहीत?"

"मला फोन आला होता. कोपरावरून येऊ नको म्हणून."

प्राधिकरणाच्या प्रमुखांनी गोडबोल्याकडे बघितलं. गोडबोल्या खाली बघायला लागला.

"अपघाताच्या आधी?"

"दुपारी. तुमची समिती खाणीच्या रस्त्यावर होती तेव्हा."

"कुणाचा फोन?"

चिऊने वडिलांकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर भाऊसाहेबांनी तो सोसला असता. तिने ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"याचं उत्तर ज्यांनी मला शपथ दिली त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. "ते त्यांनाच विचारा. पण आधी त्यांना शपथ द्या."

अध्यक्षबाईंनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी भाऊसाहेबांकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि त्या बघण्यातच त्यांना बरंचसं कळत गेलं, हेही दिसलं.

भाऊसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला, साक्षीदारांच्या बाजूला येऊन उभे राहिले. इथून ती खिडकीजवळची खुर्ची फार लहान दिसत होती. शपथ द्यायला कुणी नव्हतं. सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा चिऊ उठली, भाऊसाहेबांच्या हातातला पुठ्ठा तिने घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मी म्हणेन तसं म्हणा," ती म्हणाली. "जे सांगेन ते खरं सांगेन."

भाऊसाहेबांनी म्हटलं.

"पूर्ण सांगेन."

त्यांनी म्हटलं.

"ठाऊक असलेलं काही लपवणार नाही."

तेही त्यांनी म्हटलं. कितीतरी वर्षं हे शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात घातले होते. स्वतःच्या तोंडात ते इतके जड असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तो कठडा चोरांनी नेला नाही," भाऊसाहेब म्हणाले. "आपण खाणीच्या रस्त्यावर ज्याच्यावर हातोडा मारला, तोच तो. त्याला अजून हिच्या गाडीचा निळा रंग आहे. आपण कधी येणार हे यांना माझ्या फोनवरून कळलं, म्हणून तो कोपरावरून हलला. आणि मामांना सांगू नको, असं हिला मीच सांगितलं."

चिऊने पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग ती मागे गेली आणि मामांच्या बायकोशेजारची खुर्ची ओढून तिथे बसली.